निजवलेला डोंगा

१

शाळा सुटली की मी रोज नदीवर जात असे आणि रोज चिडून परत येत असे. चिंचेखाली रहमत मिस्त्री बसलेला असायचा, बाजूला अर्धवट डोंगा उताणा पडलेला असायचा, आणि कालच्यापेक्षा एखादी फळी जास्त दिसायची. कधी तीही नाही.

“काय मिस्त्री, आज किती झालं?”

“एक फळी बसवली.”

“एकच?”

“गुरुजी, तुमच्या शाळेत पोट्टं एका दिवसात बाराखडी शिकते का?”

“माझ्या शाळेत मी बिड्या ओढत बसत नाही.”

“म्हणूनच मंग पोट्टे शिकत नाही,” रहमत म्हणाला आणि शांतपणे काडी ओढली.

मूळचा तो दारव्ह्याचा. एरवी बैलबंड्या बनवायचा. पण त्याचा बाप डोंगे बांधणारा होता आणि रहमत त्याच्या हाताखाली शिकला होता. आता या भागात ते काम येणारा दुसरा कोणी उरला नव्हता. विकास गटाच्या कचेरीतून सागवान मिळवायला मी किती खेटे घातले ते मलाच ठाऊक. महाराष्ट्र होऊन महिना झाला होता. सभांमधून भाषणं चालली होती, आणि आमच्या पूस नदीवर माणसं पलीकडे न्यायला एक लाकडी डोंगा नव्हता.

पलीकडे पूनमसिंगचा तांडा. मागच्या श्रावणात त्याच्या बायकोला, जमनीला, कळा सुरू झाल्या. महागावच्या दवाखान्याचा रस्ता आमच्या काठावरून जातो. नदी भरलेली, जुना डोंगा कुजून गेलेला. त्यांनी तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणलं आणि दिवसभर तिथेच ठेवलं. मी या काठावर उभा होतो. संध्याकाळी त्यांनी बाज उचलून परत नेली. मूल गेलं होतं.

जमनीला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी पूनमसिंगला शब्द दिला होता, की या पावसाळ्यात डोंगा असेल. त्याने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला फार राग आला होता.

२

पाऊस जवळ आला तेव्हा एकदाचा डोंगा तयार झाला. सांध्यांत सणाचे धागे ठोकले, राळ भरली, खालून डांबर फासलं. डांबराची कड फळीवर सरळ काढली होती. रिकामा डोंगा पाण्यात टाकला की कड पाण्याच्या वर वीतभर दिसली पाहिजे, असं रहमतचं म्हणणं.

“मग टाका पाण्यात,” मी म्हणालो.

“टाकतो ना. पण आधी निजवा लागते.”

कोरड्या लाकडात फट राहतेच. म्हणून नवा डोंगा काही दिवस काठाजवळ बुडवून ठेवायचा. लाकूड फुगतं, सांधे मिटतात. याला इथे डोंगा निजवणं म्हणतात. इथपर्यंत मला पटत होतं. डोंगा बुडवायला दगड लागतात, हेही पटत होतं. पण त्यासाठी अख्खा गाव नदीवर आला, प्रत्येकाच्या हातात एकेक दगड, आणि ज्याने त्याने आपण बसणार त्या जागी तो आपल्या हाताने ठेवायचा, असा प्रकार सुरू झाला तेव्हा माझा धीर सुटायला लागला.

सगळ्यांवर हुकूम चालवत होती धुरपताबाई. ही भोईण. नवरा गेल्यावर जुना डोंगा तिनेच चालवला होता, नवाही तीच चालवणार होती.

“तुमचा दगड कुठी हाय मास्तर?”

“माझा कशाला?”

“मंग पल्ल्याड का उडत जाणार हाय?”

बाया हसल्या. मी काठावरचा एक दगड उचलला आणि डोंग्याच्या पुढच्या टोकाशी ठेवला.

“पायलं का,” धुरपताबाई म्हणाली, “मास्तरले बसाच्या आधी उतराची घाई!”

वामनरावांनी दोनदा खाकरलं. पाटील नसूनही पाटलासारखे वागणारे हे शेतकरी. बोलण्याआधी दोनदा खाकरल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. “उठवाच्या दिवशी येजा मात्र गुरुजी. ज्याचा दगड त्यानंच काढा लागते.”

“दुसऱ्याने काढला तर काय होतं?”

वामनरावांनी धुरपताबाईकडे पाहिलं. धुरपताबाईने माझ्याकडे.

“दुसरा कायले काढन?” ती म्हणाली. मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय, असा तिचा चेहरा होता.

माझ्या लक्षात आलं, की उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. कारण हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

डोंगा हळूहळू खाली गेला. दोरी चिंचेला बांधली. पाणी वरून सपाट झालं.

३

मग पाऊस आला आणि गाव पेरणीला गेला.

सांधे मिटायला लागतात तेवढे दिवस होऊन गेले. मी घरोघर फिरलो. उद्या येतो जी. तिफन मोकळी झाली की येतो. वामनराव शेतावरच राहायला गेलेले. धुरपताबाई लेकीकडे कळंबला, आठवडी बाजारानंतर येणार. नदी एका रात्रीत गढूळ झाली. वरच्या अंगाला पाऊस जोरात होता. चिंचेची दोरी ताणून सतारीच्या तारेसारखी वाजत होती. पूर आला असता तर डोंगा दगडांसकट गेला असता, आणि जमनीचे दिवस भरत आले होते.

रस्त्याच्या कामावर दोन मजूर होते, नांदेडकडचे. त्यांना मी बोलावून आणलं. ते कमरेभर पाण्यात उतरले, हाताने चाचपत एकेक दगड काढू लागले आणि मागच्या डोहात फेकू लागले. दगड पडल्याचा आवाज जाड येत होता. एखादं माणूस पायऱ्या उतरताना येतो तसा.

माझा दगड मी स्वतः काढावा असं मनात आलं. पुढच्या टोकाशी हात घातला तर तिथे काही नव्हतं.

“पुढचे काढून झाले की,” मजूर म्हणाला.

डोंगा वर आला. आम्ही पाणी उपसलं. सांधे सुरेख मिटले होते; आत थेंब पाझरत नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी त्या दोघांना गूळ-शेंगदाणे दिले आणि काठावर बसून डोंग्याकडे पाहत राहिलो.

त्यामुळेच ते दिसलं. डांबराची कड कुठेच दिसत नव्हती. पाणी तिच्याही वर, कोऱ्या लाकडाला लागलं होतं.

४

“लाकूड पाणी प्यालं असन,” रहमत म्हणाला. मी निरोप पाठवून त्याला बोलावला होता.

“एवढं?”

त्याने आत उतरून तळ थोपटला, कान लावला. मग ते दोघे मजूर आणि आम्ही दोघे, अशा चौघांनी डोंगा ओढून काठावर घेतला. तो सहज वर आला. आम्ही तो उचलून चिंचेपर्यंत नेला, तेव्हा मला मध्येच हसूही आलं, इतका तो हलका होता. पुन्हा पाण्यात लोटला. क्षणभर तो वर तरंगला, डांबराची कड वीतभर दिसली.

मग तो खाली बसला. सगळा एकदम नाही. आधी पुढचं टोक जरासं दबलं, मग डावी बाजू, मग उजवी, मग मधे. मधे थोडं थांबून पुन्हा.

रहमतने तोंडातली बिडी काढून पाण्यात टाकली.

“याला काय म्हणायचं मिस्त्री?”

“मले काय विचारता?” तो एकदम चिडला. “फळी कुठी फुटली? सांधा कुठी सुटला? दाखवा! डोंग्यात खोट असन तर हात कापून देतो.”

“खोट नाही, पण...”

“पण-बिन काही नाही. मी सुतार हाय. लाकडाचं पुसा.” त्याने आपली पिशवी उचलली. त्याच दिवशी तो दारव्ह्याला निघून गेला.

मी काठावर बसून विचार केला. फुगलेलं लाकूड जड होतं, पण जमिनीवर मग हलकं का लागावं? खालून भोवरा ओढत असेल, तर काठाशी पाणी संथ का? कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधणं हेच शिक्षण. मी संध्याकाळपर्यंत शोधत होतो. वारा नव्हता. बसायची फळी मात्र अधूनमधून करकरत होती. फार वेळ बसून अवघडलेला माणूस कूस बदलतो तेव्हा जशी करकरते तशी.

५

धुरपताबाई कळंबहून परतली आणि सरळ नदीवर आली. काठावर उभी राहून तिने डोंग्याकडे पाहिलं. तिने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कोणं उठवला?”

“मी. तुम्ही कोणी येत नव्हता.”

“दगड?”

“डोहात.”

तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी शेंबाळपिंपरीच्या बाजाराला जाणारी माणसं काठावर जमली. धुरपताबाई डोंग्याशेजारी बांबू घेऊन बसलेली. “जागा नाही,” ती म्हणाली.

लोकांनी रिकाम्या डोंग्याकडे पाहिलं. माझा स्वतःवर ताबा राहिला नाही.

“अहो धुरपताबाई, डोळे आहेत ना तुम्हाला? एक माणूस नाही डोंग्यात!”

“मंग टाका माणसं. पाणी डोंग्याच्या काठाच्या किती खाली हाय ते पाहा अन् टाका.”

दोघं चढले. पाणी काठाला आलं. दोघं गुपचूप उतरले. हळूहळू सगळे पांगले, आणि जाताना माझ्याकडे असे बघत गेले, जसा पूनमसिंग मान हलवून गेला होता. वामनराव तेवढे थांबले. दोनदा खाकरून म्हणाले, “गुरुजी, आजकाल मले लई भारी भारी वाटून राह्यलं. बसलो का उठावंच वाटत नाही. तुमाले वाटते का तसं?”

“वय झालं तुमचं,” मी म्हणालो. मलाही वाटत होतं, हे मी सांगितलं नाही. शाळेत खुर्चीवर बसलो की पायांत पाणी भरल्यासारखं जड वाटे. मी ते दमण्यावर घातलं.

एवढी खटपट, एवढे अर्ज, एवढी विनवणी, आणि शेवटी काय, तर नदी होती तिथेच आणि डोंगा काठाला बांधलेला. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

६

जमनीच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. शाळेत पाढे चालले होते. पलीकडून पूनमसिंगची हाक आली आणि मी पोरांना तसंच सोडून धावलो. पलीकडे बाज दिसत होती. मागच्या वर्षी होती तिथेच.

“बांबू द्या,” मी धुरपताबाईला म्हणालो.

“मास्तर, ऐका...”

“द्या म्हणतो ना!”

तिने दिला. आली नाही.

मी एकटा होतो आणि डोंगा चिखलात रुतल्यासारखा चालत होता. दंड भरून आले. मी फक्त पाण्याकडे पाहत होतो. डोंग्यात पाहावंसं वाटत नव्हतं. पलीकडे लागलो तेव्हा पूनमसिंग बाज उचलायला वाकला, पण जमनीने त्याचा हात धरला. ती घामाने भिजली होती. डोंग्याकडे बघत ती मला म्हणाली, “आधी याहिले उतरू द्या ना जी.”

“कोणाला?”

“हे बसले ते. कवाचे बसले हाय मान खाली घालून. उतरत काहून नाही?”

पूनमसिंगने डोंग्यात पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला काही दिसत नव्हतं. मलाही नव्हतं. जमनीने ओठ चावला आणि बाजेवर वाकडी झाली.

मला कसला राग आला ते सांगता येणार नाही. गावाचा, धुरपताबाईचा, त्या दगडांचा. मी बांबू डोंग्याच्या काठावर आपटला आणि वर्गात ओरडतो तसा ओरडलो, “उतरा! सगळे खाली उतरा!”

डोंगा हलला. आधी पुढचं टोक वर उचललं गेलं. मग एक बाजू, मग दुसरी. काठावरच्या ओल्या रेतीचा चपचप आवाज आमच्या अगदी जवळून वर सरकत गेला, आणि डांबराची काळी कड पाण्याबाहेर आली. पूर्ण. वीतभर.

“आता झालं,” जमनी म्हणाली.

परतीला डोंगा पानासारखा आला. वामनरावांची दमणी बैल जुंपून काठावर उभीच होती. पूनमसिंग आणि जमनी महागावला पोचले, आणि अंधार पडायच्या आत तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

निरोप आला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर एकटाच मोठ्याने हसलो. पाय कापसासारखे हलके वाटत होते.

७

जमनी दवाखान्यातून आली ती आमच्या गावातच थांबली, मैनाबाई सुईणीकडे. पूनमसिंग ढोरांसाठी वरच्या उथळ वाटेने फिरून तांड्यावर परतला. बाळंतिणीला त्या वाटेने नेणं शक्य नव्हतं.

डोंगा आता चांगला तरंगत होता. तरी धुरपताबाई पलीकडे जात नव्हती. एकदा माझ्या आग्रहाने निघाली, अर्ध्यावरून परत आली आणि डोंगा बांधून टाकला.

“काय झालं?”

“तिकडं गर्दी हाय,” एवढंच म्हणाली.

मी पाहिलं. पलीकडे मोकळी रेती होती. आणि तिच्यावर, पाण्याच्या अगदी कडेला, पावसाने पुसल्या न जाणाऱ्या खळग्यांची एक रांग.

मग हाका सुरू झाल्या. दुपारी, शाळा ऐन भरात असताना. “ओऽऽ डोंगावालेऽ!” मी खिडकीतून पाहायचो. कोणी नसायचं. गुराखी असतील. हाक डोंगरावर आपटून परत येत असेल. एका दुपारी मी हाक ऐकून काठावर गेलो. वामनराव अलीकडच्या काठालाच त्यांच्या वावरात डवरा धरून होते, मी त्यांना रामराम केला. आणि पलीकडून स्वच्छ ऐकू आलं. कोणीतरी दोनदा खाकरलं. मग हाक मारली.

वामनरावांनी डवरा सोडला. बैलही तिथेच ठेवून घराकडे चालू लागले.

धुरपताबाई मला रस्त्यात भेटली. “जाऊ नका मास्तर तिकडं आता. नेऊन तर घातलं तुमी त्याहिले. पण त्याहिले तिकडं ऱ्हायाचंच नाही.”

“कोणाला? स्पष्ट बोला ना एकदा! कोणाला?”

तिने माझ्याकडे फार वेळ पाहिलं. तिला माझी दया येत होती. त्याचाही मला राग आला.

८

जमनीला घरी जायचं होतं. वरच्या अंगाला पुन्हा आभाळ भरलं होतं. चार दिवसांत पूर आला असता तर ती महिनाभर अडकली असती. पूनमसिंगचा निरोप आला, की दुपारी बंडी घेऊन काठावर येतो. शब्द मी दिला होता. मूल जन्मलं, पण आईच्या घरी पोचलं नाही, तर शब्द कसला पाळला?

मी मनाशी सगळं पुन्हा एकदा मांडलं. रेतीतले खळगे म्हणजे ढोरांचे पाय. हाका म्हणजे गुराखी. खाकरण्याचा आवाज म्हणजे वामनरावांचाच, डोंगराने परतवलेला. प्रत्येक गोष्ट जागेवर बसत होती. सगळ्या मिळून बसत नव्हत्या, पण मी तेवढ्यावर भागवलं.

बारीक पाऊस होता. जमनीने मुलीला धडुत्यात गुंडाळलं होतं. डोंग्यात पाय ठेवण्याआधी ती थांबली.

“ते लोक गेले का जी, त्या दिवशीचे?”

“गेले.”

“समदे?”

“कोणी नाही तिकडे,” मी म्हणालो.

ती पुढच्या टोकाशी बसली, मी दगड ठेवला होता त्याच जागी, तोंड पलीकडे करून. मी मागे उभा राहून बांबू रेटत होतो. डोंगा सुरेख चालला. ती मुलीशी आपल्या बोलीत काहीतरी बोलत होती, याडी म्हणजे आई, बापू, घर, असले शब्द मला कळत होते. मला वाटलं, यासाठी तर केलं सगळं. एक बाई लेकरू घेऊन नदी ओलांडते आहे. एवढंच तर हवं होतं.

काठ जवळ आला. पूनमसिंगची बंडी अजून दिसत नव्हती. मी खाली मान घालून बांबूने तळ चाचपत होतो. मागच्या वेळी इथे मी पाण्यात उडी मारून डोंगा पुढून ओढून घेतला होता. अजून उडी मारण्याइतकं पाणी उथळ झालं नव्हतं.

तरी डोंगा थांबला. रेतीला लागून नव्हे. कोणी पुढून धरावा तसा, अलगद.

जमनी उठून उभी राहिली. तिने मुलीला दोन्ही हातांवर घेतलं, वाकली आणि डोंग्याच्या पुढे, पाण्याच्या दिशेने हात लांब केले.

“धरा जी गुरुजी,” ती हसून म्हणाली, “मान सांभाळा तिची.”

मी तिच्या मागे होतो. बांबू माझ्या दोन्ही हातांत होता. मला ओरडायचं होतं, पण पायांपासून गळ्यापर्यंत सगळं दगडासारखं जड झालं होतं.

जमनी सरळ उभी राहिली. पदर सावरायला तिने हात मोकळे केले. तेव्हा ते रिकामे होते.